सगळ्यांचं झाल्यावर

"चावा, चांगलं चावा. पण गिळायला जाऊ नका. तोंडात घोळवा आणि मग या वाटीत थुंका," मी म्हणाले.

पद्मिणनं बशीतल्या शिऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थुंकू? अन्न हाय ते, बाई."

"अन्न आहे हे मला माहितीये. मीच केलाय तो शिरा, या इथे, प्रयोगशाळेतल्या स्टोव्हवर. खास तुमच्यासाठी."

"म्हणून तर जीव हुईना."

शेवटी तिनं डोळे मिटून घास तोंडात घातला, चावला, पदराआड तोंड करून थुंकली आणि वाटीवर हात झाकून बसली. आपलं उष्टं चारचौघांत उघडं पडू नये म्हणून. आमचे हुद्दार सर टेबलाशी उभे होते. त्यांचं सगळं लक्ष तिच्या पोटातून बाहेर आलेल्या रबरी नळीकडे. त्यांनी मान हलवली तसा आमचा अटेंडंट शिवलिंगप्पा पुढे झाला, नळीचा चिमटा सोडला आणि खाली काचेचं भांडं धरलं.

आलं ते नुसतं पाणी. त्यात आम्ल असतं तर ते मारायला सोड्याचे पुष्कळ थेंब लागले असते आणि मगच त्याला गुलाबी रंग चढला असता. मी पहिलाच थेंब सोडला आणि भांडं गुलाबी झालं. म्हणजे पोटानं शिऱ्याची दखलसुद्धा घेतली नव्हती.

"छे!" सर म्हणाले. "कुंदाबाई, उद्या पिठलं करून बघा."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. मी तेव्हा मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवत होते आणि सरांच्या हाताखाली माझं संशोधन चालू होतं. विषय पोटाचा आणि त्याच्या नर्व्हचा. मेंदूतून निघून छातीतून खाली पोटापर्यंत जाणारी एक नर्व्ह असते. आवडीचं अन्न दिसलं, वास आला, घास चावला की ती पोटाला वर्दी देते आणि घास खाली पोचायच्या आत पोट आम्ल सोडायला लागतं. हे मापायचं तर ज्याच्या तोंडातला घास पोटात जातच नाही असा माणूस हवा. असा माणूस कुठे मिळायचा? आम्हाला पद्मिण मिळाली. दुसऱ्याच्या दुर्दैवावर आमचं शास्त्र चालतं, त्याला इलाज नाही.

तिचा नवरा भारत सूत रंगवायच्या कारखान्यात होता. कपडे चांगले निघतात म्हणून तिथला कॉस्टिक सोडा घरी आणायचा. एका संध्याकाळी सगळं घर जेवून उठल्यावर, दिवसभराची तहानलेली ही बाई मोरीत गेली आणि पाणी समजून सोड्याचा तांब्या तोंडाला लावला. अन्ननलिका जळली आणि मग आक्रसून पार मिटली. थुंकीसुद्धा गिळता येईना. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी बसवली, तेव्हापासून ती नळीला फनेल लावून त्यात पेज ओतायची. हे तिचं जेवण. वय म्हणाल तर पंचविशीच्या आतबाहेर.

सर्जरीचे किणीकर तिला नवी अन्ननलिका करून देऊ शकत होते. आमच्या भागात एवढा मोठा चाकू धरणारा तेवढा एकच माणूस. पण त्यांनी सरांना आधीच बजावलं होतं.

"तुमच्या इंजेक्शननं आम्ल सुटलं, तेव्हा पोटाचं अस्तर शाबूत आहे हे कळलं. पण छातीतून जाणारी नर्व्ह सोड्यानं मारली असेल तर? वरून गेलेलं अन्न खाली तसंच कुजत पडणार. मेलेल्या पोटासाठी मी बाईची छाती फाडणार नाही, हुद्दार. नर्व्ह जिवंत असल्याचं मला दाखवा, मी ऑपरेशन करतो. पण लवकर. महिनाअखेरीला माझी बदली आहे."

म्हणजे तिला तोंडानं जेवता येणार की जन्मभर फनेलनं, हे त्या काचेच्या भांड्यावर ठरणार होतं. तिलाही ते ठाऊक होतं. रोज सकाळी वॉर्डातून येताना ती वेणी घालून, कुंकू लावून यायची. "आज येतंय का बघा बाई पोटाला काय," म्हणायची.

पिठलं झालं, खरपूस भाकरी झाली, कांदा-लसणाची फोडणी अशी दिली की वरच्या मजल्यावरची पोरं खाली डोकावली. पोट ढिम्म. सर चिडचिड करायला लागले. मला तर रात्री स्वप्नातसुद्धा गुलाबी भांडी दिसायला लागली.

एक गोष्ट मात्र आम्ही कटाक्षानं पाळत होतो. तिच्यासमोर कुणी काही खायचं नाही. तिच्या गळ्याखाली घोट उतरत नाही आणि आपण मिटक्या मारत बसायचं, हे माणुसकीला धरून झालं नसतं. आम्ही आळीपाळीनं जिन्याखाली जाऊन चोरासारखे डबे खायचो आणि तोंड पुसून परत यायचो. कित्येकदा राहूनच जायचं.

अशाच एका दिवशी, दुपार टळली तरी काही हाती लागलं नव्हतं, तेव्हा मी तिच्यावर तडकलेच.

"पद्मिणबाई, तुम्हाला भूक लागते की नाही हो?"

"लागती की."

"मग आम्ही एवढं रांधून पुढ्यात ठेवतो तेव्हा कुठे जाते ती?"

ती ओशाळली. "तुमी कुणी जेवला न्हाईत अजून. आप्पाचं तोंड तर कसं सुकलंय बघा. माणसं उपाशी बसल्यावर मला वो कशी लागंल?"

"आमचं काय मध्येच? वॉर्डात लागते का?"

"वॉर्डात बायांची जेवणं झाली, ताटं घासून गेली, की मग लागती. तवा नळीच्या कडंनं पाणी पाझरतंया. लुगडं भिजतंय सगळं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्या आईचं आठवलं. आमच्या घरी शेवटचं ताट उचललं गेल्यावर आई हात पुसत म्हणायची, "आत्ता कुठं भूक लागली बाई." आम्ही ते बोलणं सोडून द्यायचो. मी धावतच सरांच्या खोलीत गेले.

सरांनी ऐकलं आणि टेबलावर थाप मारली. "अहो, म्हणजे आपणच सोवळ्यात बसलो होतो! कुत्र्याला घंटेची सवय लावतात, तशी हिला पंगत उठायची सवय लागलीय. लहानपणापासून हिनं दुसऱ्यांचं झाल्याशिवाय घास घेतलेला नाही. नर्व्हला तेवढंच कळतं."

ते आनंदानं बोलत होते. कुत्र्याची उपमा मात्र मला बोचली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तिच्या समोर डबे उघडून बसलो. घास घशाखाली उतरेना, इतकी लाज वाटत होती. तिला मात्र कोण आनंद! "आप्पा, घ्या की आजून भाकर. बाई, तुमी चिमणीगत खाताय," असा आग्रह चालला होता. डबे धुऊन झाल्यावर शिवलिंगप्पानं चिमटा सोडला. या वेळी एका थेंबानं रंग चढला नाही. दोन-तीन लागले. मी ओरडलेच.

पण किणीकर बधले नाहीत. "एवढंसं? यावर मी छाती उघडू? उद्या बाई टेबलावर गेली तर मला विचारतील."

"आपण परकी माणसं पडलो," सर म्हणाले. "हिच्या घरची बोलवा. पंगत खरी हवी."

घरचं नाव काढल्यावर पद्मिण उजळली. दिवाळीच्या आधीपासून ती दवाखान्यात होती. नवरा अधनंमधनं येऊन, बाहेरच्या बाकावर टेकून जायचा. पोराला मात्र कुणी आणलं नव्हतं. "दवाखान्यात लेकराला बाधतं," असं सासूचं म्हणणं. पोरगा तीन वर्षांचा, अंकुश नावाचा.

"अंक्याला आणा म्हणावं," ती मला म्हणाली. "त्यो पोटभर जेवला न्हवं, तर भांडंच्या भांडं भरंल बघा."

आम्ही कार्ड टाकलं. ठरल्या दिवशी भारत आला, खाली मान घालून. त्याच्या मागे पोराला कडेवर घेतलेली एक कोवळी मुलगी होती, हातात भाकरीचं फडकं. तिला बघून पद्मिण स्टुलावरून उठलीच.

"लोचे! तू गं कवा आलीस आमच्या घरी? आई कशी हाय?"

ती पद्मिणची धाकटी बहीण, लोचना. तिनं पोराला घट्ट धरलं. पद्मिणची नजर तिच्या गळ्यावर गेली. काळे मणी होते. मग हातातल्या हिरव्या चुड्यावर गेली, मग पायातल्या जोडव्यांवर. मग भारतकडे. तो भिंतीकडे बघत होता.

पद्मिणनं पोरापुढे हात केले. "ये रं माझ्या राजा."

पोरानं लोचनाच्या खांद्यात तोंड खुपसलं. "आये, घरी चल," तो लोचनाला म्हणाला.

मी सरांना बाजूला घेतलं. "सर, आज नको. प्लीज."

"म्हणजे काय? किणीकर स्वतः येऊन बसलेत. असे सगळे पुन्हा कधी जमणार?" सरांच्या काही लक्षातच आलं नव्हतं. त्यांना तेव्हा नळीपलीकडचं काही दिसत नव्हतं.

"करा बाई," मागून पद्मिणच म्हणाली. आवाज अगदी सरळ होता. "कवाधरनं वाट बघतीया मी. बसा वो तुमी. वाढ गं लोचे."

जमिनीवर सतरंजी टाकली. भारत जेवायला बसला. एक शब्द नाही, मान वर नाही, भाकरी मोडायची आणि तोंडात टाकायची. पोरगा लोचनाच्या मांडीवर बसून तिच्या हातनं दूधभाकरी खात होता. दोन घास खाऊन तोंड फिरवलं, तर ती त्याला चिऊचा घास, काऊचा घास करून भरवायला लागली. पद्मिण स्टुलावर बसून टक लावून बघत होती. पोराच्या तोंडात घास जाताना तिचं तोंड आपोआप उघडायचं. त्या दोघांचं झालं. भारतनं हात धुतले. शिवलिंगप्पानं भांडं धरलं.

पहिल्या थेंबाला गुलाबी.

किणीकर घड्याळ बघत उठले. "हुद्दार, मला ऑपरेशन आहे."

"थांबा हो जरा. काय बाई, झालं ना सगळ्यांचं?" सरांनी पद्मिणला विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "लोची ऱ्हायली."

"मी मागनं खाईन की, आक्का," लोचना पुटपुटली.

"मागनं कवा? कितवा म्हैना हाय तुला?"

लोचनानं पदरात तोंड लपवलं आणि हुंदके द्यायला लागली. भारत खोलीबाहेर निघून गेला. किणीकर उभे राहिले ते उभेच राहिले.

"रडू नगं. बस तिथं. जेव," पद्मिण म्हणाली. "ठेचा नगं घिऊस. दही घे. हां. आजून अर्धी घे."

लोचना रडत रडत जेवली. खोलीत तिच्या चावण्याचा तेवढा आवाज होता. जेवून झाल्यावर तिनं सवयीनं ताट विसळलं, फडक्यानं पुसलं आणि पालथं घातलं. पद्मिणनं एक लांब श्वास सोडला.

शिवलिंगप्पानं चिमटा सोडला आणि नळीतून धार लागली. मी भांड्यात सोडा टाकत होते, टाकतच होते. रंग चढायचा आणि भांडं हलवलं की जायचा. घर जेवल्यावर तिला भूक लागायची, आणि तिच्या पोटानं लोचनाला घरातलं मानलं होतं. तिनं मनातून मानलं होतं की नाही, देव जाणे. पोटाला खोटं बोलता येत नाही.

"जिवंत आहे! किणीकर, नर्व्ह जिवंत आहे!" सर पोरासारखे नाचले. किणीकरांनी त्यांच्या पाठीत थाप मारली. "मानलं बुवा. सोमवारी घेतो हिला." शिवलिंगप्पानं हात जोडले. त्या सगळ्या गलक्यात पद्मिणच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं.

लोचना मला बाहेर जिन्यापाशी भेटली आणि एकदम पायाच पडली.

"आक्काला बरी करा, बाई. मी जाईन म्हायेरी."

"का जाशील? कुठे जाशील अशा अवस्थेत?"

मग तिनं सांगितलं. घर चालवायला, पोराला बघायला बाई हवी म्हणून बापानंच तिला दिली होती. पण सासूनं आधीच बोली केली होती. दोन खाणाऱ्या बायकांना घरात पोसणार नाही. थोरली बरी होऊन खायला-प्यायला लागली की धाकटीनं मुकाट माघारी जायचं. तोवर थोरलीला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं दोन्ही घरांनी ठरवलं होतं.

"आणि पोटातलं मूल?"

तिनं पोटावरून पदर ओढून घेतला. मी त्या सासूला, बापाला आणि भारतला मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

त्या दिवशी दोघी बहिणी वॉर्डाच्या मागच्या पायरीवर बराच वेळ बोलत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी किणीकर कागद घेऊन गेले, तर पद्मिण त्यांना म्हणाली, "ऑपरेशन करायचं न्हाई मला."

मी धावत गेले. समजावलं, भांडले, शेवटी हातसुद्धा जोडले.

"अहो, किणीकरांची बदली झाल्यावर दुसरा कुणी करणार नाही हे. जन्मभर नळी लावून बसाल का?"

"बसंन की."

"आणि घरी? तिथे काय मान राहणार आहे तुमचा?"

"मी आजारी हाय तवर लोची हाय तिथं. मी बरी झाले तर ती पोटुशी रस्त्यावर ईल. बाप काय तिला घरात घेतोय व्हय? आन् माझा अंक्या तिलाच आय म्हणतुय, त्याला परत पोरका करू?" मग माझा चेहरा बघून तिनंच माझा हात हातात घेतला. "तुमी वाईट वाटून घिऊ नगा. मला भूक लागती, हे कळलं न्हवं? बास झालं."

"भूक लागते म्हणून तर जेवायचं असतं, पद्मिणबाई!"

यावर ती नुसती हसली. मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की मी तिथून उठून गेले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

निघायच्या दिवशी मी तिला नवी नळी बसवली, फनेल दिलं. एक गोष्ट तिला आणि लोचनालाही बजावून सांगितली. नळी निघून आली तर असाल तशा इथे यायचं. पोटाचं भोक उघडं राहत नाही, त्याच दिवशी मिटायला लागतं. दोघींनी माना डोलावल्या.

किणीकर बदलून गेले. माझं संशोधन पुरं झालं. सरांनी पद्मिणच्या पोटाचा आलेख मुंबईच्या परिषदेत दाखवला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मला त्या टाळ्या ऐकवेनात.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी आम्ही टेबलाशी डबे खात बसलो होतो. दारात लोचना उभी. कडेवर तान्ही मुलगी होती, तिला लस टोचायला आणली होती.

"ये गं! किती गोड मुलगी आहे! आणि आक्का? आक्का कशी आहे तुझी?"

"आक्का गेली, बाई."

सरांचा घास हातातच राहिला.

"हिच्या बारशाच्या दिशी," ती मुलीकडे बघत म्हणाली. "सकाळी पाण्याची घागर उचलताना नळी निघाली. आक्कानं कुणालाच सांगितलं न्हाई. फडकं बांधलं पोटाला आन् सयपाकाला बसली. समदं गाव जेवायला हुतं. मी बाळंतीण, मला उठू देत नव्हती. पुरणाच्या पोळ्या लाटल्या तिनं, पंगतीमागनं पंगती वाढल्या. बाया उठल्या, गडीमाणसं उठली, भांडी घासून झाली. मग दिवेलागणीला माझ्याजवळ ईऊन म्हनली, लोचे, माझी नळी निघाली गं. सकाळधरनं पाण्याचा थेंब न्हाई पोटात."

"मग? लगेच का नाही आणलंत?"

"रातीला गाडी कुठली? गावातल्या डाक्टरनं नळी पुन्हा घालायला बघितली. भोक मिटलं हुतं. त्यानं जोर केला. ती आत भलतीकडंच गेली. पोट फुगलं. हितवर पोचलोच न्हाई आमी."

शिवलिंगप्पा उठून बाहेर गेला. मी डबा झाकायला लागले, तशी लोचना घाईघाईनं म्हणाली, "जेवा की, बाई. ताटावरनं उठू नगा. तुमचं होऊ द्या."

"तू जेवलीस का?"

"मी जेवीन की मागनं."

मी उठले. तिच्या कडेवरची मुलगी काढून सरांच्या मांडीवर दिली, तिचा हात धरून तिला माझ्या खुर्चीत बसवलं आणि माझ्या डब्यातली पोळी तिच्या हातात कोंबली.

"आधी तू जेव," मी ओरडले. "आत्ता. माझ्यासमोर. नाहीतर बघ!"

तिनं घाबरून घास तोडला आणि तोंडात घातला. चावत राहिली, पुष्कळ वेळ चावत राहिली. डोळ्यांतून पाणी गळत होतं. तो घास काही केल्या तिला गिळवेना.